सशांचं ट्रॉय, वानरांची मथुरा

डिस्नेच्या १९७३ सालच्या 'रॉबिन हूड' चित्रपटात नायक कोल्हा आहे. त्याचा जोडीदार लिटल जॉन हा अस्वल, नॉटिंगहॅमचा शेरीफ लांडगा, आणि भावाच्या माघारी गादीवर बसलेला राजपुत्र जॉन म्हणजे आयाळ नसलेला, घाबरला की अंगठा चोखणारा सिंह. दंतकथा प्राण्यांकरवी सांगायची ही सोपी रीत. कोल्हा धूर्त आणि लांडगा हावरट हे मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. पात्र पडद्यावर आलं की निम्मी ओळख झालेलीच असते. युरोपात बाराव्या शतकापासून रेनार्ड नावाच्या लबाड कोल्ह्याच्या गोष्टी चालत आल्या आहेत आणि आपलं पंचतंत्र तर त्याहून कितीतरी जुनं. गंमत अशी, की या चित्रपटातली नायिका मेरियन कोल्हीण आहे आणि तिची जिवाभावाची सखी चक्क कोंबडी! कोल्हिणीच्या शेजारी कोंबडी बिनघोर वावरते याचं कुणालाच काही वाटत नाही. कारण कोल्हा हा तिथे नुसता मुखवटा आहे.

दुसरी रीत अवघड. तिच्यात प्राणी प्राणीच राहतो आणि त्याच्या भुकेतून, भीतीतून, विणीतून जुनी दंतकथा नव्याने उभी राहते. ती नेमकी कशी साधते, हे एकाच पुस्तकाची शिवण उसवून पाहू.

रिचर्ड ॲडम्स हे इंग्लंडमधले सरकारी नोकर. लांबच्या मोटारप्रवासात दोन मुली कंटाळू नयेत म्हणून त्यांनी सशांची एक गोष्ट रचून सांगितली आणि मुलींनी ती लिहून काढायला भाग पाडलं. अनेक ठिकाणांहून हस्तलिखित साभार परत आलं. शेवटी रेक्स कॉलिंग्ज या लंडनच्या छोट्या प्रकाशकाने १९७२ साली ते छापलं. तेच 'वॉटरशिप डाऊन'. ब्रिटनमध्ये मुलांच्या पुस्तकासाठी मानाचं समजलं जाणारं कार्नेगी पदक त्याला मिळालं. कथा थोडक्यात अशी : सँडलफर्डच्या वसाहतीतले काही तरुण ससे घर सोडून निघतात, हालअपेष्टा सोसत हॅम्पशायरमधल्या एका उंच टेकाडावर पोचतात आणि तिथे नवी वसाहत वसवतात. मग ती टिकवण्यासाठी शेजारच्या हुकूमशहाशी लढतात.

महाकाव्यं वाचणाऱ्याला ही गोष्ट लगेच ओळखीची वाटेल. ट्रॉय नगर जळत असताना बापाला खांद्यावर घेऊन बाहेर पडलेला इनिअस, त्याची वणवण आणि शेवटी इटलीच्या भूमीवर रोवलेलं रोमचं बीज. रोमन कवी व्हर्जिलने हे महाकाव्य दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलं. ॲडम्सचा नायक हेझल हा तसाच बेघर पुढारी. मात्र त्याच्याजवळ ना दिव्य शस्त्र, ना कुलदैवतांच्या मूर्ती.

आता पहिला प्रश्न : ससाच का?

इथे मराठी वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपल्या माळरानावरून पायाशी अचानक उसळून पळतो तो ससा बीळ करत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून तो एकटा बसतो, आणि त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ, डोळे उघडलेली असतात. ॲडम्सचा ससा वेगळ्या जातीचा. तो युरोपी ससा जमिनीखाली एकमेकांना जोडलेल्या बिळांच्या जाळ्यात कळपाने राहतो. पिल्लं आंधळी, उघडी जन्मतात, म्हणून त्यांना सुरक्षित घर लागतंच. वसाहतीत थोरला-धाकटा असा दर्जा असतो, हद्दी असतात, त्यावरून मारामाऱ्या होतात. म्हणजे या प्राण्याला मुळातच नगर आहे. नगर आहे म्हणून ते पडू शकतं, त्यातून निर्वासित होता येतं आणि दुसरं वसवता येतं. आपल्या माळावरच्या सशाला इनिअस करता आलं नसतं, कारण त्याचं ट्रॉयच नाही. पंचतंत्रातल्या चंद्रसरोवराच्या गोष्टीत हत्तींच्या पायाखाली सशांची बिळं तुडवली जातात. आपल्या सशांना बिळं नसतात याची फिकीर विष्णुशर्म्याने केली नाही, आणि करायची गरजही नव्हती. त्याला राजनीती शिकवायची होती. ॲडम्सला मात्र ती फिकीर होती. ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक रोनाल्ड लॉकली यांचं सशांच्या जीवनक्रमावरचं १९६४ सालचं पुस्तक त्याने बारकाईने वाचलं आणि कथेतला व्यवहार त्यावर बेतला.

प्राणी ठरला की दंतकथेतली एकेक गाठ घ्यायची आणि त्याच्या आयुष्यात तिला जागा आहे का, ते तपासायचं. ट्रॉयमध्ये कॅसँड्रा होती. तिला भविष्य दिसे, पण शापामुळे तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. ॲडम्सचा फायव्हर हा हेझलचा किरकोळ अंगाचा भाऊ. त्याला शेत रक्ताने भरलेलं दिसतं, पण वसाहतीचा म्हातारा मुखिया त्याचं बोलणं उडवून लावतो. शाप वगैरे काही नाही. अंगाने लहान सशाचं कळपात कुणी ऐकत नाही, एवढं कारण पुरतं. संकट तरी काय? बांधकामासाठी जमीन विकली गेल्याचा फलक. फलक रोवलेला ससे पाहतात, पण त्यांना तो वाचता येत नाही. वाचकाला येतो. पहिल्या प्रकरणाच्या माथ्यावर ॲडम्सने ग्रीक नाटककार एस्किलसच्या नाटकातला कॅसँड्राचा प्रसंग दिला आहे, म्हणजे कर्ज कुणाचं हे त्याने लपवलेलं नाही.

प्रवासात सशांना एक वसाहत लागते. तिथले ससे धष्टपुष्ट, देखणे आणि आतिथ्यशील. बाहेर गाजरं, भाजीपाला आयता पडलेला, शत्रूचा मागमूस नाही. फक्त 'अमका कुठे गेला' असं विचारलं की सगळे गप्प होतात. ग्रीक महाकाव्यातल्या ओडिसियसच्या खलाशांना कमळफळं खाऊन घराचा विसर पडला होता, ती ही जागा. पण ॲडम्सने ग्रीकांच्या जादूच्या फळाऐवजी शेतकऱ्याची धूर्त सोय घातली : तो सशांना खायला घालतो, त्यांच्या शत्रूंना मारतो आणि अधूनमधून वाटेवर तारेचे फास लावून एकेक ससा घरी नेतो. पिंजरा न बांधता केलेलं ससेपालन! सशांना हे ठाऊक आहे, पण खाणं सुटत नाही. बिगविग हा आडदांड गडी फासात अडकतो. इतर ससे फासाची खुंटी उकरतात, दातांनी कुरतडून तोडतात, तोवर तो अर्धमेला झालेला असतो. मुलांच्या पुस्तकात इतका धडकी भरवणारा प्रसंग क्वचितच असेल. मला हा भाग मूळ ग्रीक प्रसंगापेक्षा सरस वाटतो, कारण इथे मोहाचं बिल कोण चुकवतं, ते डोळ्यांसमोर दिसतं.

पुढे टेकाडावर पोचल्यावर नवीनच अडचण. हे सगळे नर, आणि सशांमध्ये बीळ खणणं हे प्रामुख्याने माद्यांचं काम. नर उकरतील ते जुजबी. आता नगर वसवणार कसं? हेझल त्यांना समजावून पंजे चालवायला लावतो आणि त्या खादाड वसाहतीतून सोबत आलेला एक ससा झाडाच्या मुळांच्या आधाराने मोठं दालन कसं काढतात ते दाखवतो. प्राण्याचा स्वभाव कथेच्या आड आला की लेखकाने तो बाजूला सारायचा नसतो, त्यातूनच पुढचा प्रसंग काढायचा असतो. माद्या नाहीत ही तर त्याहून मोठी अडचण. पिल्लं नसतील तर एका पिढीत वसाहत संपेल. रोमच्या दंतकथेतही नेमकं हेच झालं होतं, आणि रोमनांनी शेजारच्या सॅबाइन लोकांच्या मुली पळवल्या. हेझलची टोळी एफ्राफा नावाच्या वसाहतीकडे वळते. तिथे जनरल वूंडवर्ट या सशाची लष्करी राजवट आहे. सशांच्या अंगावर चाव्याचे शिक्के, ठरल्या वेळेलाच चरायची परवानगी. गर्दीने जीव मेटाकुटीला आलेल्या माद्यांच्या पोटातले गर्भ जिरून जातात. हे ॲडम्सने कल्पनेने लिहिलेलं नाही. ताणाखाली सशिणीचं शरीर गर्भ खरंच पुन्हा शोषून घेतं. त्यामुळे इथे माद्या पळवाव्या लागत नाहीत. त्यांनाच निघायचं आहे. तरी पुस्तकातली खरी खोट इथेच आहे : हायझेन्थ्ले नावाची एक करारी मादी सोडली तर बाकीच्या बहुतेक जणी केवळ वसाहतीची गरज म्हणून उरतात. ॲडम्सने १९९६ सालच्या पुढच्या पुस्तकात माद्यांना जास्त वाव दिला, पण ती मूळ कथेला नंतर लावलेली ठिगळं वाटतात.

या साऱ्यात सर्वांत हुशारीची चाल मात्र वेगळीच आहे. दंतकथेतली पात्रं होऊन जगणाऱ्या या सशांना ॲडम्सने त्यांच्या स्वतःच्या दंतकथा दिल्या. त्यांचा पूर्वज एल-अहरैराह हा हजार शत्रूंचा राजा, आणि फ्रिथ हा सूर्यदेव. ससे बेसुमार वाढले म्हणून फ्रिथने कोल्हा, मुंगसासारखे दिसणारे स्टोट आणि वीझल, मांजर यांना नखं-दात आणि सशाची भूक दिली. आपला वर घ्यायला एल-अहरैराह बिळातून बाहेर येईना, तेव्हा देवाने बाहेर दिसत असलेल्या त्याच्या पार्श्वभागालाच आशीर्वाद दिला, म्हणून मागचे पाय बळकट झाले आणि शेपटी पांढरी! सशांना हजार आकडा कुठला. ते चारपर्यंतच मोजतात, पुढचं सगळं 'पुष्कळ'. या कथा मध्येच करमणुकीसाठी टाकलेल्या नाहीत. भेदरलेले ससे जंगलात अडकले की एकजण गोष्ट सांगतो आणि कळप शांत होतो. एफ्राफावर जायच्या आधी मृत्यूच्या काळ्या सशाची गोष्ट होते, म्हणजे पुढे काय पणाला लागणार आहे ते ऐकणाऱ्याला कळतं. शेवटच्या वेढ्यापूर्वी कुत्र्याला फसवण्याची गोष्ट होते. पुढे हेझल शेतावर जाऊन कुत्र्याची दोरी कुरतडतो आणि कुत्रं वूंडवर्टच्या फौजेवर सोडतो. इनिअसने कुलदैवतं बरोबर नेली होती, या सशांनी गोष्टी नेल्या. खादाड वसाहतीतल्या सशांना एल-अहरैराहच्या गोष्टी नकोशा वाटतात, तेव्हाच तिथे काहीतरी कुजलंय हे चाणाक्ष वाचक ओळखतो.

प्राण्याला प्राणीच ठेवण्याची ही शिस्त सुटली की काय होतं, ते ब्रायन जॅक्सच्या 'रेडवॉल' मालिकेत दिसतं. लिव्हरपूलच्या या लेखकाने अंध मुलांच्या शाळेसाठी कथा लिहिली आणि ती १९८६ साली पुस्तकरूपाने आली. मठात राहणारा उंदीर, हरवलेली जुन्या वीराची तलवार, मठाला वेढा, अगदी राजा आर्थरच्या थाटाचं साहस. मेजवान्यांची वर्णनं तर वास येईल इतकी जिवंत, कारण ऐकणाऱ्यांना पाहता येत नव्हतं. पण तिथे उंदीर भले आणि घुशी दुष्ट, हे जन्मावरूनच ठरलेलं. वेगवान गोष्ट म्हणून मजा येते, मात्र घूस म्हणून जन्माला आल्याबद्दल एखाद्याला शत्रू मानणं हे मुलांच्या गळी उतरवायला मला नको वाटतं. ॲडम्सचा खलनायक वूंडवर्ट हाही ससाच आहे, हे इथे आठवावं.

ॲडम्सची ही रीत मराठीत कशी चालेल, याचा एक कच्चा आराखडा मांडतो. कथा कंसाची घ्या आणि प्राणी वानर, तोच काळ्या तोंडाचा, मेळघाटात आणि नागझिऱ्यात सर्रास दिसणारा. धारवाडजवळ जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास केला, तेव्हा बाहेरून आलेला नर टोळी बळकावतो आणि आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारतो, असं त्यांना दिसलं. मथुरा तयारच आहे! वानराचं पिल्लू जन्मतः काळंभोर असतं, मोठेपणी राखी होतं. तान्हं पोर टोळीतल्या इतर माद्यांच्या हातोहात फिरतं, म्हणजे यशोदेला जागा आहे. वाढते नर टोळी सोडून नरांच्या टोळक्यात राहतात आणि वेळ आली की कुठल्यातरी टोळीच्या नरावर चालून जातात, म्हणजे गोपाळांची सेनाही आली आणि परतीचा दिवसही.

अडचण शेवटी येते. वानरांच्या रिवाजाप्रमाणे जिंकलेला नायकही पिल्लं मारू शकतो. मूळ कथेत कृष्ण स्वतः गादीवर न बसता ती उग्रसेनाला देतो, आणि प्रत्यक्षातही टोळी बदलली की दरवेळी पिल्लं मारली जातातच असं नाही. या दोन टोकांच्या मधून वाट काढताना लेखकाचा कस लागेल. पिल्लांचा प्रश्न गोड करून टाळला, तर पुन्हा मुखवटाच उरेल. कुणी हे लिहायला घेत असेल तर त्याने आधी एखाद्या टोळीमागे वही घेऊन फिरावं, आणि मगच भागवत उघडावं.