सुट्टीची सहल आणि सुती सलवार

कापड बाजारातील माणसाला मे महिन्यात सुट्टी नसते. मुलांच्या शाळा बंद होतात आणि नेमकी त्याच वेळी लगीनसराई चढलेली असते. नातवंडे विचारतात, "दादा, वॉटर पार्कला कधी जायचे?" आम्ही म्हणतो, "सीझन संपू दे." सीझन संपतो तेव्हा पाऊस आलेला असतो आणि शाळेची घंटा वाजलेली असते. आमच्या घरी हे सलग चार वर्षे चालले.

खरे तर ही सवय वडिलांपासूनची. गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हा आम्ही विशीत होतो आणि दुकानात माप काढीत होतो. धाकट्या भावंडांनी वडिलांमागे लकडा लावला. वडिलांचे उत्तर हेच, की सीझननंतर बघू. त्याच ठिकाणी १९९८ मध्ये वॉटर किंगडम उभे राहिले. तोपर्यंत भावंडांची लग्ने झाली होती आणि हट्ट करणारे कोणी उरले नव्हते. २०१३ मध्ये खोपोलीला इमॅजिका उघडले, तेव्हा नव्या पिढीचा हट्ट सुरू झाला.

अखेर दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही दुकान मुनीमजींच्या हवाली केले आणि निघालो. मालेगावात साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, पण त्या दिवशी जुम्याची नमाज सोडून लांबच्या प्रवासाला निघणे मनाला पटत नाही. शनिवार-रविवारी अशा ठिकाणी गर्दी मोठी आणि तिकीटही बहुधा चढे. म्हणून बुधवार ठरवला. बाया चार, पुरुष दोन, मुले पाच, असे अकरा जण भाड्याच्या गाडीने रात्री निघून सकाळी मुंबईकडच्या एका वॉटर पार्कच्या दारात उभे राहिलो.

जाण्याआधी आठ दिवस घरात शिवणयंत्र चालू होते. आमची पत्नी, विधवा बहीण, सूनबाई आणि मुलगी या चौघींनी पाण्यात उतरण्यासाठी नवे सलवार-कमीज शिवले होते. कापड आमच्याच दुकानातले, उत्तम प्रतीचे सुती, अंगभर, पूर्ण बाह्यांचे, वर व्हॉइलची ओढणी. पडदाही सांभाळला जाईल आणि मुलांबरोबर पाण्याचा आनंदही घेता येईल, असा हिशोब होता.

कपडे बदलण्याच्या जागेवरच तेथील बाईने थांबवले. "सुती कपड्यात पाण्यात उतरता येणार नाही. नायलॉनचा कॉस्च्यूम भाड्याने घ्या." भाड्याचे जे होते ते बिनबाह्यांचे नाही तर गुडघ्यापर्यंतचे. ते घालणे चौघींपैकी कोणालाही शक्य नव्हते. मुले, मुलगा आणि आम्ही आत गेलो. चौघी जणी पत्र्याच्या शेडखाली बाकावर बसल्या, सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत, अंगावर नवे कोरे कपडे घालून. एका तिकिटाला अकराशे या दराने चौघींचे चार हजार चारशे रुपये त्या बाकावर बसण्याचे झाले. गाडीभाडे, तिकिटे, खाणेपिणे मिळून एकंदर खर्च साडेसव्वीस हजार होता.

आमच्या मनात तक्रारीचा मजकूर तयारही झाला होता. आमच्या बायांच्या पडद्याला हे लोक हरकत घेतात, असे काहीतरी. तावातावाने तेथील व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे खुर्ची दिली आणि म्हणाले, "चाचा, लांबीला आमची काहीच हरकत नाही. डोक्यापासून पायापर्यंत झाका. फक्त कापड सिंथेटिक पाहिजे." मग त्यांनी कारणे सांगितली. सुती कापड पाणी पिते आणि जड होते. घसरगुंडीवर ते चिकटते, माणूस मध्येच अडकतो आणि मागून येणारा त्याच्यावर आदळतो. ओढणी सांध्यात गुंतली तर गळ्याला फास बसू शकतो. सुताचे तंतू सुटून फिल्टरमध्ये जातात आणि कच्चा रंग पाण्यात उतरतो.

आम्ही मान खाली घातली. यातली कोणती गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती? सुताचे वजन करताना साडेआठ टक्के ओल धरली जाते, नायलॉनला सुमारे चार टक्के आणि पॉलिस्टरला अर्धा टक्काही नाही, हे कापडाच्या धंद्यात पोरालाही माहीत असते. तंतू सुटणे आणि रंग उतरणे यावरून तर ग्राहकांशी रोजची हुज्जत. हे सगळे एकत्र करून आठ दिवस आधी एक फोन करावा, एवढे मात्र आम्हाला सुचले नाही. परतीच्या वाटेवर आठ वर्षांची नात म्हणाली, "दादा, तुम्ही तर कपड्याचे व्यापारी ना?" गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. आमची मुलगी खिडकीबाहेर पाहत होती. ती त्या वेळी वीस वर्षांची होती आणि या सहलीची वाट सर्वांत जास्त तिनेच पाहिली होती.

धंद्याच्या नजरेने पाहिले तर ही पार्के मोठ्या भांडवलाचा आणि नाजूक व्यवहार आहे. शंभर माणसे आली काय आणि पाच हजार आली काय, मोटारी, फिल्टर आणि जीवरक्षक यांचा खर्च टळत नाही. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत आणि लॉकर, कॉस्च्यूम यांचे पैसे वेगळे घेतात, ते यासाठीच. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तिकिटावर २८ टक्के कर होता, तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्के झाला. इमॅजिकासारखा मोठा प्रकल्प कर्जाच्या ओझ्याखाली वाकला आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेला. व्याजाचे घर कसे असते ते आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

आमचे लक्ष मात्र कॉस्च्यूमच्या काउंटरवर होते. तेथील कापड हातात घेताच कळले की ते लूमवरचे नाही, निटिंगचे आहे. साधारण ऐंशी टक्के नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि बाकी ताणले जाणारे स्पॅन्डेक्स, ज्याला बाजारात सरसकट लायक्रा म्हणतात. म्हणजे मालेगावच्या पॉवरलूमवर ते निघणार नाही. पण कापून शिवायला काय हरकत? ऑस्ट्रेलियात अहेदा झानेत्ती या लेबनॉनहून आलेल्या मुस्लिम बाईने २००४ मध्ये असाच अंगभर पोशाख तयार केला आणि त्याला बुर्किनी नाव दिले. २०१६ मध्ये फ्रान्सच्या काही किनारी गावांनी त्यावर बंदी घातली, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली आणि मागणी उलट वाढली. आपल्याकडेही असे पोशाख मिळतात, पण चांगल्या प्रतीचा माल आमच्या भागातील कुटुंबाला परवडेल अशा भावात आमच्या पाहण्यात आला नाही.

सुरतला जाऊन आम्ही पॉलिस्टर लायक्राचे रोल आणले. हा माल मीटरवर नाही, किलोवर मिळतो, हे मीटर मोजण्यात जन्म गेलेल्यांनी लक्षात ठेवावे. पहिले दहा जोड पूर्ण फसले. आमच्या कारागिराने नेहमीच्या मशीनवर शिवण मारली. कापड ताणले गेले, दोरा ताणला गेला नाही आणि काखेत टाके तटातट तुटले. होजियरीचे काम करणाऱ्या एका कारागिराने समजावले की येथे ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक मशीन हवी, गोल टोकाची सुई हवी आणि दोरा लवचीक हवा. दुसरी चूक रंगाची. मुलींना आवडेल म्हणून फिकट गुलाबी घेतला होता. सूनबाईंनी न्हाणीघरात घालून पाणी ओतले आणि आतूनच ओरडल्या, की हे कापड पारदर्शक झाले! गडद निळा, काळा आणि मेंदी याशिवाय दुसरा रंग घेऊ नये आणि छातीला अस्तर लावावेच. तिसरी गोष्ट आमच्या मुलीने काढली. पाण्यात कमीज फुग्यासारखी फुगून वर येते. तिने कमिजीच्या आत चार ठिकाणी पट्ट्या लावून त्या पायजम्याच्या पट्ट्यात अडकवल्या. डोक्याची टोपी कमिजीला जोडून, म्हणजे ती सुटण्याचीही भीती नाही आणि कोठे गुंतण्याचीही नाही.

गेल्या उन्हाळ्याआधी साठ जोड तयार झाले. एका जोडाला कापड पाऊण किलो, शिलाई, दोरा, इलास्टिक धरून ५४० रुपये पडले. विक्री ८५० रुपयांना, रोखीने. एकेचाळीस जोड विकले गेले. म्हणजे ३२,४०० घालून ३४,८५० हातात आले आणि १९ जोड शिल्लक आहेत. फसलेले दहा जोड धरले तर अजून आम्ही तोट्यातच आहोत. शिल्लक आहेत ते बहुतेक लहान मापाचे. तरुण मुली घेतील अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात डबल एक्सएल संपले, कारण घेणाऱ्या होत्या आया आणि मावश्या. विक्री सूनबाईंनी घरूनच केली. दुकानात पुरुषांसमोर हा माल कोणी बाई मागणार नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर निघाले.

मेमध्ये आम्ही पुन्हा त्याच पार्कला गेलो. या वेळी आधी फोन केला आणि एक जोड नमुना म्हणून दाखवण्याचीही तयारी ठेवली. दारावर कोणी अडवले नाही. आमच्या पत्नी पहिला तासभर कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून उभ्या होत्या, नंतर नातवंडांनी ओढून लाटांच्या तलावात नेले. बहिणीने जोहरची नमाज कपडे बदलण्याच्या खोलीच्या कोपऱ्यात अदा केली आणि परत पाण्यात गेली. पट्ट्यांची युक्ती जिने काढली ती मुलगी मात्र सोबत नव्हती. मधल्या हिवाळ्यात तिचे लग्न झाले. सासर दूर आहे आणि त्या घरीही कापडाचाच धंदा आहे, म्हणजे तेथेही मे महिना मेच असणार. तिच्या मापाचा जोड आम्ही टपालाने पाठवला आहे.

क्लोरीनचे पाणी लायक्राचा ताण मारते, म्हणून वापरल्यावर गोड्या पाण्यात धुवून सावलीत वाळवावे, अशी चिठ्ठी आम्ही आता प्रत्येक जोडाबरोबर देतो. जे शिवणकाम करणारे बांधव या कामात उतरू इच्छितात त्यांनी एकदम साठ जोड काढू नयेत, वीस काढावेत आणि मोठी मापे जास्त ठेवावीत. आमच्याकडील एका मुलींच्या शाळेच्या बाईंनी डिसेंबरच्या सहलीसाठी पस्तीस जोड भाड्याने मिळतील का असे विचारले आहे. भाड्याचा हिशोब आम्ही अजून केलेला नाही. लहान मापाचे १९ जोड त्या निमित्ताने बाहेर पडतील आणि उरलेले सोळा शिवायला कारागिराला सांगितले आहे.