विश्लेषण : तांदळातला, शरीरातला किरणोत्सर्ग कसा मोजतात?
फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर जपानने २०१२ मध्ये सर्वसाधारण अन्नातील सीझियमची मर्यादा किलोमागे १०० बेकरेलवर आणली. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन. एवढे कमी प्रमाण हातातल्या गायगर काउंटरवर कळत नाही. आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सर्गातच ते हरवते. म्हणून फुकुशिमात पुढे काही वर्षे तांदळाचे प्रत्येक पोते तपासणी यंत्रातून गेले. शंकास्पद पोत्याचा नमुना शिशाच्या कवचातील जर्मेनियम डिटेक्टरकडे.

माणसाला ‘होल बॉडी काउंटर’मध्ये दोनेक मिनिटे उभे करतात. तिथे शून्य कुणाचेच येत नाही! अन्नातून येणाऱ्या पोटॅशियम-४० मुळे प्रौढाच्या शरीरात सुमारे ४,००० बेकरेल कायमच असतात. सीझियम वेगळे ओळखता येते ते गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून. स्ट्रॉन्शियम-९० मात्र गॅमा किरण सोडत नाही. त्यासाठी लघवीचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो.