परक्या शाळेच्या स्टेजवर

आमची पुतणी सातवीत असताना शहापूरहून मुरबाडला एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेला गेली होती. भाषण आम्हीच लिहून दिले. कारकुनी हात तो! फुलस्केपची चार पाने भरली. 'क्रांतिसूर्य', 'दैदीप्यमान' वगैरे शब्दांची नुसती रास. घरी पोरीने न अडखळता म्हणून दाखवले. आजीने कानशिलावर बोटे मोडली.

मुरबाडात सभागृहात ओळखीचा एक चेहरा नाही. माईक तिच्या कपाळाच्या वर. नाव पुकारले तेव्हा आडनाव ऐकून पुढच्या बाकावरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले, ते तिने बरोबर टिपले. दुसऱ्याच परिच्छेदात एक शब्द निसटला. पाठांतराची कडी एकदा तुटली की पुढचे सगळे जाते. मागून कोणीतरी हसले आणि ती खाली उतरली. एस.टी.त ती खिडकीबाहेर पाहत राहिली. घरी आल्यावर एवढेच म्हणाली, "काका, मी नाय परत बोलणार."

चूक तिची नव्हती, आमच्या चार पानांची होती. आपल्याकडे जयंतीच्या स्टेजवर पोरांना उभे करण्याची हौस फार. पण तिथल्या टाळ्या घरच्या असतात. परक्यांसमोर उभे राहायची तयारी वेगळी असते, ती आम्ही करून घेतलीच नव्हती.

ती कशी असते हे पाहायचे तर ९ मे १९१६ चा दिवस आठवावा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. वय २५. प्रसंग परदेशातला, भाषा इंग्रजी. सुरुवात त्यांनी जातीपासून केली नाही. आपल्यापैकी अनेकांनी वस्तूंची प्रदर्शने पाहिलेली असतात, हे आधी सांगितले आणि तिथून माणसांच्या संस्थांच्या प्रदर्शनाकडे श्रोत्यांना नेले. म्हणजे ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या दारातून आत शिरले. शेवटी, आपले म्हणणे चुकीचे ठरले तर ते सोडायची तयारी आहे, असेही सांगून टाकले. ज्याचा अभ्यास पक्का, त्यालाच असे म्हणता येते. पुढच्या वर्षी, १९१७ मध्ये, हा निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला.

वर्षभराने शाळेतून पुन्हा विचारणा झाली. पुतणीने आधी मानच हलवली. मग आम्ही तिला मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. पुण्यात फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मांग मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. "माझ्याएवढीच?" पुतणीने विचारले. एवढे पुरे होते.

या वेळी आम्ही पेन हातात घेतले नाही. 'तुझ्या मैत्रिणीला मुक्ताची गोष्ट कशी सांगशील, तशी सांग,' म्हटले. पहिले आणि शेवटचे वाक्य तेवढे तोंडपाठ, मधले पाच मुद्दे चिठ्ठीवर. घड्याळ लावून मोठ्याने बोलायचे, मनात म्हणून वेळ कळत नाही. नजर शेवटच्या रांगेवर, म्हणजे आवाज आपोआप तिथवर जातो. विसरले तर आधीचे वाक्य सावकाश पुन्हा म्हणायचे. ऐकणाऱ्याला वाटते, मुद्दाम जोर दिला. आणि सर्वांत महत्त्वाचे, सराव घरी करायचा नाही. तिला कोणी ओळखत नाही अशा दुसऱ्या गावच्या विहारात, रविवारी वंदना झाल्यावर, तिला बोलायला लावले. एका म्हातारीने मध्येच हटकले, "पोरी, जरा जोरात!" घरचे कोणी असे कधी सांगत नाही.

मुरबाडला त्या दिवशी आम्ही तासभर आधी पोहोचलो. रिकाम्या सभागृहात ती स्टेजवर चढून, पायऱ्या मोजून आली. नाव पुकारल्यावर माईकशी गेली, थांबली आणि तिथल्या सरांना म्हणाली, "सर, जरा खाली कराल का?" माईक खाली आला. तिसऱ्या मुद्द्याला अडली. आमच्या पोटात गोळा! तिने शेवटच्या रांगेकडे पाहत मागचे वाक्य पुन्हा म्हटले आणि पुढे गेली.

नंबर आला नाही. परतीच्या एस.टी.त भेळ खाताना म्हणाली, "काका, पुढच्या वेळी सावित्रीबाईंवर बोलू?" आमची ती चार पाने अजून घरात आहेत. पाठकोऱ्या बाजूवर ती गणिते सोडवते.