नाशिकचं ताट : घाटापासून माळापर्यंत

सह्याद्रीच्या माथ्यावर, इगतपुरीत, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. तिथून सव्वाशे किलोमीटर पूर्वेला येवल्यात तो पाचशे-सहाशेवर येतो. एकाच जिल्ह्याच्या या उतारावर भात, नागली (म्हणजे नाचणी), द्राक्षं, कांदा आणि बाजरी अशी पिकं बदलत जातात आणि त्यांच्यासोबत चुलीवरचं जेवणही. नाशिकला येणारा प्रवासी मात्र रामकुंड, काळाराम, त्र्यंबकेश्वर करतो, मिसळ खातो आणि परततो. २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी लाखो माणसं इथे येतील. त्यांनी मिसळ खावीच, पण तेवढ्यावर थांबू नये. नाशिकची खरी चव समजून घ्यायची असेल तर पावसाच्या मागोमाग जिल्हा फिरायला हवा.

शहराची सकाळ

सुरुवात अर्थात मिसळीने. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर शेव-फरसाण, चिरलेला कांदा, लिंबू, शेजारी दही, भाजलेला किंवा तळलेला पापड आणि पाव. रस्सा वेगळ्या भांड्यात. पुण्याच्या मिसळीत पोहे आणि बटाट्याची भाजी सापडते, कोल्हापूरची मिसळ लालभडक कटासाठी ओळखली जाते. नाशिकचं वेगळेपण काळ्या मसाल्यात आहे. कांदा आणि सुकं खोबरं जवळजवळ काळपट होईपर्यंत भाजायचं, त्यात धने, दगडफूल, वाळलेल्या मिरच्या आणि खडा मसाला भाजून वाटायचा. या भाजण्यामुळे रश्शाला नुसता जाळ न येता धुरकट खोली येते. पंचवटी कारंज्याजवळची अंबिका मिसळ या काळ्या रश्शासाठी प्रसिद्ध आहे. गंगापूर रोडच्या बाजूला बरदान फाट्याजवळ साधनाची चुलीवरची मिसळ मिळते. रविवारी सकाळी तिथे अख्खी कुटुंबं रांगेत असतात. मिसळीनंतर जिलबी हा तिथला रिवाज.

जुन्या नाशकात चालतच फिरावं. बुधा हलवाईंची गरम जिलबी, मेन रोडला सायंतारातला बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ साबुदाणा वडा, आणि पावाच्या पोटात बटाट्याची भाजी भरून, अख्खा पाव बेसनात बुडवून तळलेला पाववडा. घरी न्यायला कोंडाजींचा चिवडा. तो कच्चा कांदा घालून आणि लिंबू पिळून खाल्ला तरच नाशिककर त्याला खाल्लं म्हणतो.

घाटावरची नागली

शहरापासून पश्चिमेला तासाभराच्या वाटेवर ताट पार बदलतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक आणि इगतपुरीच्या डोंगरउतारांवर कोकणा, महादेव कोळी, वारली आणि ठाकर समाजाचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नागली आणि वरई घेत आले आहेत. उन्हाळ्यात राब भाजायचे, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा, पहिल्या पावसात त्यात रोपं करायची आणि ती उतारावर लावायची. जिथे नांगर धड चालत नाही अशा हलक्या जमिनीत ही धान्यं तग धरतात. नागलीची गरम भाकरी, भाजलेल्या उडदाच्या डाळीची आमटी आणि पाट्यावर वाटलेली मिरची, हे इथलं रोजचं जेवण. नागली पचायला वेळ घेते आणि तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं. दिवसभर डोंगर चढणाऱ्या माणसाला ती पुरते.

पावसाळ्यात याच भागात रानभाज्यांची चंगळ असते. करटोली, भारंगी, कुर्डू, दिंडा, आणि वास्ता म्हणजे बांबूचा कोवळा कोंब. वास्ता चिरून, उकळून, पाणी फेकून मगच शिजवतात. कुठली भाजी किती उकळायची याचं ज्ञान इथल्या बायकांकडे आहे, आणि ते पुस्तकांत फार थोडं उतरलं आहे.

उपवासाला आपण शिजवतो ती भगर म्हणजे याच डोंगरातली वरई. तिचं टरफल अतिशय चिवट, घरी कांडायला फार कष्ट पडतात. नाशिकमध्ये ते काढणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि हे शहर भगरीच्या व्यापाराचं मोठं केंद्र झालं.

मधला पट्टा : द्राक्ष आणि कांदा

शहराच्या उत्तरेला आणि पूर्वेला दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, निफाड इथे द्राक्षबागा सुरू होतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी बहाराची छाटणी आणि जानेवारीपासून काढणी. या दुसऱ्या छाटणीनंतर एक अवकाळी पाऊस वर्षाची कमाई धुऊन नेऊ शकतो, म्हणून बागायतदाराचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. १९९९मध्ये सुला विनयार्ड्स सुरू झाली आणि वाइनची द्राक्षंही इथे रुजली. २०१०मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं. वाइन घेत नसाल तर फेब्रुवारीत थेट बागेवर जा, घडावरची ताजी द्राक्षं खा आणि बेदाणे विकत घ्या.

निफाड तालुक्यातलंच लासलगाव कांद्याचं. तिथल्या बाजार समितीचे भाव देशभर पाहिले जातात, आणि २०१६मध्ये लासलगावच्या कांद्यालाही मानांकन मिळालं. खरिपाचा लाल, मग रांगडा आणि शेवटी उन्हाळ कांदा. यांतला उन्हाळ कांदा साठवणीच्या हवेशीर चाळीत महिनोन्‌महिने टिकतो. शहरातल्या काळ्या रश्शाची सुरुवात याच चाळीत होते.

कसमादे आणि पूर्वेचा माळ

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागाला कसमादे म्हणतात. इथे खानदेशाची अहिराणी बोली चालते आणि खानदेशाची चवही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी घरी येतात आणि खापरावरचे मांडे होतात. गव्हाची सैलसर कणीक भरपूर मळून तार आणायची, पुरण भरायचं, दोन्ही हातांवर झेलत झेलत मांडा वाढवायचा आणि चुलीवर उपडं घातलेल्या तापल्या खापरावर टाकायचा. लाटणं लागत नाही. सगळी किमया हातांची. मांड्याबरोबर आमरस, आणि गोडाला उतारा म्हणून झणझणीत सार. येवल्याच्या माळावर पोचलात की बाजरीची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी.

कधी यावं, काय मागावं

श्रावणात रानभाज्या, दिवाळीनंतर नवी नागली आणि नवा तांदूळ, जानेवारी ते मार्च द्राक्षं, वैशाखात मांडे. प्रत्येक ऋतूत इथे वेगळं ताट आहे. त्र्यंबक किंवा पेठच्या रस्त्यावर जेवायला थांबलात तर पनीरऐवजी नागलीची भाकरी मागा. ती नसेल तर पुढच्या वेळी करून ठेवाल का, असं विचारा. घरी नेण्यासाठी बचत गटाच्या बायकांनी केलेले नागलीचे पापड घ्या आणि त्यांची किंमत घासाघीस न करता द्या. नागली कष्टाची आहे. तिला गिऱ्हाईक मिळालं तरच पुढची पिढी ती उतारावर लावेल. सिंहस्थाला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तिची एक पिशवी सोबत नेली, तर त्याचा आधार डोंगरातल्या शेकडो घरांना होईल.