उंच उडीला आधी डोळा हवा

नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावात क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव यांनी मक्याच्या भुशाची गादी करून पोरांना उंच उडी शिकवली. त्या गादीवर पडत शिकलेला सर्वेश कुशारे सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला. या प्रकारात जागतिक अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. देवरगावचा हा जिल्हा जळगाव-धुळ्याच्या, म्हणजे खानदेशाच्या, शिवेला लागलेला. तेव्हा खानदेशाने यातून काय घ्यावं? भुशावर जमतं, मग मॅट कशाला, असा अर्थ कोणी काढला तर तो पोरांच्या मानेवर बेतेल. १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉस्बरीने पाठ दांडीकडे करून २.२४ मीटर उडी मारली, सुवर्णपदक जिंकलं आणि पुढे सगळं जग तशीच उडी मारू लागलं. या उडीत खेळाडू पाठीवर आणि खांद्यांवर पडतो. वाळूच्या खड्ड्यात ती शिकवताच येत नाही. जाधवांनी भुसा भरला तो याच जाणिवेने.

पण गादी उडी शिकवत नाही. धाव सुरुवातीला सरळ असते, शेवटची चार-पाच पावलं वळणावर पडतात. वळणावर अंग आत कलतं, उडताना ते उभं होतं, आणि त्यातूनच पाठ दांडीवर वळते. खेळाडू घाईने दांडीकडे आधीच झुकला की उंची गेली. त्याला वाटतं पायातला जोर कमी पडला. चूक मात्र दोन-तीन पावलं मागे झालेली असते. ती टिपणारा डोळा बहुधा वर्षानुवर्षं स्वतः उड्या मारलेल्या माणसाकडे असतो. म्हणून निवृत्त उडीपटूंना प्रशिक्षक म्हणून शाळांशी जोडणं हे नव्या इमारतीपेक्षा निकडीचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

चांगला खेळाडू चांगला प्रशिक्षक होतोच असं नाही, हा आक्षेप खरा आहे. बारा वर्षांच्या मुलीला किती भार द्यायचा, हे पदकं सांगत नाहीत. त्यासाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेसारख्या ठिकाणचं रीतसर शिक्षण लागतं. दुसरा आक्षेप पोटाचा: खेळाच्या जोरावर सैन्यात, पोलिसांत गेलेला माणूस पुन्हा शिरपूर-साक्रीच्या आश्रमशाळेत कशाला येईल? मानधनाच्या तुटपुंज्या, वर्षागणिक संपणाऱ्या नेमणुकीवर तो येणार नाहीच. कायम पद, ठरलेला पगार आणि यावल-चोपड्यापर्यंत फिरण्याचा खर्च मिळाला, तर येईल.