विद्यार्थ्यांची इमारत : सोय किती, गैरसोय किती ?

पुणें-नाशिक रस्त्यानें मंचर सोडून नारायणगांवाकडे जाऊं लागलें म्हणजे ऊस, बटाटा व टोमॅटो ह्यांच्या शेतांमधून मधूनच एखादी तीन-चार मजली नवी इमारत डोकें वर काढते. सज्जांत दोऱ्यांवर सदरे वाळत घातलेले, खिडकीच्या गजांस टॉवेल लटकलेले, आणि जिन्याखालीं दहा-वीस दुचाकी उभ्या. तुळशीवृंदावन नाहीं, कीं दारापुढें रांगोळी नाहीं. हें कुटुंबांचें घर नव्हे, ही विद्यार्थ्यांची वसति, असें पाहणाऱ्यास न सांगतां कळतें. आंबेगांव तालुक्यांतील अवसरी खुर्द येथें २००९ सालीं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालें. मंचर, घोडेगांव, नारायणगांव, जुन्नर, ओतूर ह्या गांवीं महाविद्यालयें त्यापूर्वींचींच आहेत. परगांवचीं मुलें आलीं, तीं कोठें राहावयाचीं हा प्रश्न आला, आणि त्याचें उत्तर म्हणून ह्या इमारती आल्या.

शिक्षकी पेशांतून निवृत्त झालेल्या माणसाकडे लोक दोन गोष्टींसाठीं येतात : एक पत्रिका जुळते कीं नाहीं हें पाहावयास, आणि दुसरी मुलास कोठें ठेवावें हें विचारावयास. पहिल्या कामीं आम्ही हात जोडतों. दुसऱ्या प्रश्नावर मात्र आम्ही बराच विचार केला आहे, व तो येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या संस्कृतांत शिष्यास 'अंतेवासी' असा एक शब्द आहे. अंतेवासी म्हणजे जवळ राहणारा. शिकणें आणि राहणें ह्या दोन क्रिया पूर्वीं एकच मानल्या जात, हें त्या शब्दावरून दिसतें. पुढें विद्यालयें झालीं, गुरु वेळेवर येऊन वेळेवर घरीं जाऊं लागले, आणि 'जवळ राहणें' हें काम दुसऱ्या कोणावर तरी पडलें. तें कोणावर पडावें, हाच ह्या लेखाचा विषय.

जुन्नरकरांस ह्या बाबतींत फार लांब पाहावयास नको. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या दर्शनास आपण जातों, तें सातवें लेणें मुळांत भिक्षूंच्या निवासासाठीं खोदलेलें आहे. मध्यें एकहि खांब नसलेलें विस्तीर्ण दालन, आणि तिन्ही बाजूंस मिळून वीस खोल्या. खोली लहान, केवळ निजण्यापुरती. दालन मोठें, सर्वांचें. जुन्नरच्या एका शिलालेखांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टांकें दान केल्याची नोंद आहे. खोल्यांबरोबर पाणीहि दिलें पाहिजे हें त्या धान्यविक्यांस दोन हजार वर्षांपूर्वीं ठाऊक होतें. आजचे कांहीं इमारतवाले मार्च महिना उजाडला कीं टँकरचे पैसे मुलांकडून वेगळे मागतात. असो. आमच्या मनांत भरली ती त्या लेण्याची मांडणी. एकांत हवा तेवढा, आणि त्याला लागूनच सर्वांनीं एकत्र बसण्याची जागा. आजच्या इमारतींत नेमकें हें दालन नाहींसें झालें आहे. चौरस फुटांच्या हिशोबांत दालनाला भाडें येत नाहीं, म्हणून तें गेलें.

विद्यार्थ्यांच्या निवासाचा इतिहास महाराष्ट्रांत मोठ्या अभिमानानें सांगावा असा आहे. आमच्या समाजांत वार लावून जेवण्याची व माधुकरी मागण्याची चाल होती. तिनें अनेकांस विद्या दिली हें खरें. पण सात दारीं सात तऱ्हेचीं बोलणीं ऐकून घेण्याचा जो ताप त्या मुलांस झाला तो आपण सोयीस्करपणें विसरतों. १९०९ सालीं पुण्यांत अनाथ विद्यार्थी गृह निघालें, त्यानें त्या मुलांस एक ठिकाण दिलें. त्याच्या आधीं, १९०१ पासून, कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं एकामागून एक बोर्डिंगें काढावयास सुरुवात केली होती. साताऱ्यास भाऊराव पाटलांनीं १९२४ मध्यें सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह उभें केलें, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं त्या मुलांच्या पोटासाठीं आपलें मंगळसूत्रसुद्धां मोडलें. आमचीं घरें ज्या काळीं आपापल्या मुलांपुरतें पाहत होतीं, त्या काळीं भाऊरावांनीं एका पंक्तीला सर्वांस बसविलें, हें आम्ही ब्राह्मणांनीं मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. त्याच रयत शिक्षण संस्थेचें अण्णासाहेब आवटे महाविद्यालय आज मंचरास आहे. १९५५ सालीं अच्युतराव आपटे ह्यांनीं पुण्यांत विद्यार्थी साहाय्यक समिति स्थापिली, तीहि खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठींच.

ह्या सर्व ठिकाणीं एक गोष्ट समान होती. मुलगा कितीला निजतो, जेवतो कीं नाहीं, तापानें फणफणला आहे काय, हें पाहणारें कोणीतरी होतें. भाड्याच्या इमारतींत हें कोणाचेंच काम नाहीं. मालक पुण्यास राहतो, किल्ल्या एका इसमाजवळ असतात, आणि त्या इसमाचा संबंध महिन्याच्या पहिल्या तारखेपुरता.

एवढें वाचून आम्ही अशा इमारतींच्या विरुद्ध आहों असा समज होईल. तसें नाहीं. त्या नसत्या तर काय झालें असतें, हेंहि पाहिलें पाहिजे.

जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिमेस सह्याद्रीचा डोंगरपट्टा आहे. तिकडे महादेव कोळी समाजाच्या वाड्या-वस्त्या विखुरलेल्या. घोडनदीवर डिंभें धरण झालें, त्यांत जुनें आंबेगांव बुडालें, आणि पाण्याच्या कडेकडेनें वळसे घेत जाणारा रस्ता तेवढा राहिला. आहुप्याकडील मुलीनें रोज घरून निघून मंचरच्या महाविद्यालयांत वेळेवर पोंचावें, ही गोष्ट पावसाळ्यांत तर सोडाच, उन्हाळ्यांतहि धड होण्यासारखी नाहीं. पूर्वेकडील सपाट मुलखांत अंतर कमी. पण तेथें दुसरी भीति आहे. कुकडी प्रकल्पाचें पाणी आलें, ऊस वाढला, आणि उसांत बिबट्या राहूं लागला. हा भाग बिबट्यांसाठीं देशभर प्रसिद्ध झाला असून माणिकडोह येथें पकडलेल्या व जखमी बिबट्यांसाठीं निवारा केंद्रहि आहे. सायंकाळचा शेवटचा तास संपवून, एस. टी. च्या थांब्यापासून मळ्यांतल्या घरापर्यंत उसाच्या दोन भिंतींमधून एकटीनें चालत जाणाऱ्या मुलीचा बाप काय विचार करीत असेल, हें शहरांतील वाचकांस कळणें कठीण आहे. तो एक दिवस विचार करतो, दुसऱ्या दिवशीं करतो, आणि तिसऱ्या दिवशीं स्थळें पाहूं लागतो.

म्हणजे येथें प्रश्न केवळ वसतिगृह चांगलें कीं खोली चांगली एवढाच नाहीं. वसतिगृहाच्या जागा मोजक्या. ज्या मुलीस तेथें जागा मिळाली नाहीं, तिच्यापुढें खोली किंवा घर असे दोनच मार्ग उरतात, आणि घर म्हणजे बहुधा शिक्षणाचा शेवट. महाविद्यालयापासून हांकेच्या अंतरावर चार भिंतींची, कडी-कुलुपाची एक खोली मिळाली, तर तिची तीन वर्षें वांचतात. ह्या एका गोष्टीपुढें इमारतीचे पुष्कळसे दोष आम्ही सोसावयास तयार आहों.

पुष्कळसे म्हटलें, सगळे नव्हे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचा मुलगा अशाच एका इमारतींत राहत होता. तीन मजल्यांस एकच अरुंद जिना, जिन्याच्या तोंडाशीं विजेचे सर्व मीटर, आणि त्यांच्याखालींच दुचाकी लावलेल्या. एका रात्रीं मीटरनें पेट घेतला. सुदैवानें शेजारच्या मळ्यांतील माणसांनीं वेळींच वीज तोडली व वाळू टाकली, म्हणून कोणास इजा झाली नाहीं; पण वरची अठरा मुलें गच्चीवर जाऊं पाहत होतीं तों गच्चीला कुलूप, कारण मुलें वर बसून गोंगाट करतात ही शेजाऱ्यांची तक्रार होती. ह्यानंतर आम्ही कोणत्याहि इमारतींत गेलों कीं प्रथम गच्चीचें दार उघडून पाहतों. खोलीला रंग कोणता आहे हें पाहण्यांत पालकांचा अर्धा तास जातो. तो तिकडे घालवावा.

दुसरा दोष अन्नाचा. खोलींत स्वयंपाक करावयाचा तर गॅसची लहान टाकी, पाणी तापविण्याची सळई व अंथरूण हीं एकाच कोपऱ्यांत येतात. न करावा तर खानावळ. मंचर-नारायणगांवास भाजीपाल्याचे मोठे बाजार भरतात. त्या बाजारांच्या सावलींत राहणारीं मुलें दुपारीं वडापाव आणि रात्रीं तयार शेवया खाऊन झोपतात, हें पाहून आम्हांस खेद होतो. चार घरच्या चार मुलींनीं मिळून एक चूल चालविल्याचींहि उदाहरणें आमच्या पाहण्यांत आहेत, आणि त्या मुली हिशोब लिहावयास व भांडण मिटवावयास जितक्या लौकर शिकल्या तितक्या आमच्या वर्गांत शिकल्या नसत्या. स्वातंत्र्याचा हा फायदा वसतिगृहाच्या घंटेखालीं मिळत नाहीं, हें आम्ही शिस्तीचे भोक्ते असूनहि कबूल करतों.

अन्नाच्या पैशावरून एक गोष्ट आठवली. २०१८ सालीं शासनानें आदिवासी वसतिगृहांतील खानावळी बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यावर देण्याचें ठरविलें, तेव्हां मुलांनीं पुण्याहून नाशिककडे पायीं मोर्चा काढला. पैसे हातीं मिळत असतां मुलें नाराज कां, असें कित्येकांस वाटलें. ज्यानें कधीं खेड्यांतून येऊन बाजारगांवीं दिवस काढले असतील त्याला तें वाटणार नाहीं. पैसा उशिरां येतो, आणि आला तरी घरची निकड त्याच्यापुढें उभी असते. ताटांत पडलेली भाकरी मात्र ताटांतच राहते.

आतां इमारत बांधणाराची बाजू. आमचा एक जुना विद्यार्थी, द्राक्षांचा बागाईतदार, दोन वर्षांपूर्वीं आमच्याकडे आला. "गुरुजी, बाग आतां परवडत नाहीं. रस्त्याकडेची वीस गुंठे जमीन आहे. मुलांसाठीं इमारत बांधावी म्हणतों." आम्ही त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसविलें. समजा, बारा खोल्या. वर्षाचे बारा महिने धरले तर एकशें चव्वेचाळीस खोल्यांचें मासिक भाडें यावयास हवें. त्यांतून उन्हाळ्याचे दोन महिने गेले. मुलें खोली सोडून जातात, चोवीस वजा. पुढें, प्रवेश कमी झाले म्हणून चौथा हिस्सा, म्हणजे तीन खोल्या वर्षभर रिकाम्या राहिल्या; दहा महिन्यांचे तीस वजा. उरले नव्वद. बँकेचा हप्ता मात्र बाराहि महिने. आणि महाविद्यालयानें स्वतःचें वसतिगृह वाढविलें तर ? तो बराच वेळ कागदाकडे पाहत बसला. मग म्हणाला, "बागेला निदान विमा असतो."

आम्ही त्याला नको म्हटलें नाहीं. लहान बांध, असें सांगितलें. बाराच्या जागीं आठ खोल्या, खालच्या मजल्यावर स्वतःचें बिऱ्हाड, आणि एका खोलीची जागा मोडून मोठा हॉल, त्यांत लांब टेबलें व चांगले दिवे. खालीं मालकीण राहते एवढ्या एका गोष्टीवर मुलींचे पालक इतर चार ठिकाणें सोडून तेथें येतील. परीक्षेच्या दिवसांत रात्रीं दहा वाजतां कोणीतरी "चहा हवा का ग ?" म्हणून विचारणें, ह्याचें मोल भाड्यांत धरतां येत नाहीं, परंतु खोल्या भरण्यास तें उपयोगीं पडतें. त्यानें तसें बांधलें. हॉलाविषयीं मात्र त्याची व त्याच्या मुलाची अद्याप कुरबुर चालूच आहे.

पालकांनीं विचारलें तर आमचें मत असें कीं, पहिल्या वर्षी मिळेल तर वसतिगृहच घ्यावें. सतरा-अठरा वर्षांचें मूल घरांतून प्रथमच निघालेलें असतें. त्यास एक घंटा व एक रागावणारें माणूस हवें. वसतिगृहांत रॅगिंगचा धोका आहे, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्रांत १९९९ पासून कायदाहि आहे. पण तेथें तक्रार कोणाकडे करावी हें तरी ठरलेलें असतें. भाड्याच्या इमारतींत वरच्या वर्गांतील मुलांनीं छळ केला तर ती भाडेकऱ्यांची आपसांतील कटकट ठरते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, मित्र पारखून झाल्यावर, दोघां-तिघांनीं मिळून खोली घेण्यास हरकत नाहीं. अभियांत्रिकीच्या मुलांस रात्रीं उशिरांपर्यंत काम असतें, त्यांना तीच सोयीची.

शेवटीं कागदांविषयीं लिहिलें पाहिजे, कारण ज्यांना गरज अधिक त्यांचेंच ह्यांत नुकसान होतें. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें राहण्याचा करार लेखी व नोंदणी केलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. पुष्कळ मालक ती टाळतात; "मुलांचें कसलें ॲग्रिमेंट ?" असें हंसून म्हणतात. अनामत रक्कम परत मिळण्याची वेळ आली कीं त्या हंसण्याचा अर्थ कळतो. ह्याहून मोठी गोष्ट अशी : वसतिगृहांत जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठीं शासनाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, अनुसूचित जातींच्या मुलांसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. त्यांत निवासाचा व भोजनाचा खर्च मिळतो. पण आपण कोठें राहतों ह्याचा पुरावा जोडावा लागतो. आदिवासी प्रकल्पाची कचेरी घोडेगांवास आहे. तेथवर जाऊन, मालकाची सही नाहीं म्हणून मुलगी तशीच परत आली, तर तिचें ते वर्ष कसें निघावें ? आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं मंचर, जुन्नर किंवा नारायणगांवास अशा खोल्या भाड्यानें दिल्या असतील, त्यांनीं येत्या जून महिन्यांत मुलें आलीं म्हणजे पहिल्याच आठवड्यांत हा करार नोंदवून त्याची एक प्रत मुलांच्या हातीं द्यावी.