जुन्या घड्याळाची डायल : अस्सल की रंगवलेली?

महाळुंगे (ता. मुळशी) येथे रस्त्याकडेला टेबल मांडून घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका भाईंकडे आम्ही बसलो होतो. एका तरुणाने नुकतेच घेतलेले चावीचे एच.एम.टी. पुढे केले. विकणाऱ्याने ‘सगळे कंपनीचे’ म्हणून चांगले पैसे घेतले होते. भाईंनी भिंग डोळ्याला लावले आणि म्हणाले, “मशीन चांगली आहे बेटा, पण डायल रंगवलेली आहे.” तरुणाचा चेहरा उतरला.

बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने एच.एम.टी.ची घड्याळे बनू लागली. २०१६ साली सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. नवा माल कमी झाला, तशी जुन्याला हौशी गिऱ्हाइके मिळू लागली. एच.एम.टी., फेवर-ल्युबा, वेस्ट एंड अशा घड्याळांच्या डागाळलेल्या डायली खरवडून, रंग देऊन, पुन्हा छापून बाजारात येतात. परदेशातील शौकीन अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. हा डाग आपल्या बाजारावर आहे.

डायल कशी ओळखावी? भाईंनी सांगितलेल्या खुणा अशा :

१) छपाई. भिंगाखाली अस्सल अक्षराची कड स्वच्छ दिसते. रंगवलेल्या डायलवर अक्षर जाड, पसरलेले किंवा तिरपे असते. मिनिटांच्या रेघा कमी-जास्त अंतरावर पडतात आणि तासाच्या खुणांशी जुळत नाहीत.

२) सहाच्या आकड्याखालची ओळ. स्विस घड्याळावर तेथे बारीक ‘स्विस मेड’ असते. पुन्हा छापताना ती ओळ गळते किंवा सरकते. दोन बाजूंना ‘टी’ अक्षर म्हणजे अंधारात चमकणारा ट्रिटियमचा मसाला. डायलवर ‘टी’ आहे पण काट्यांवर आणि आकड्यांवर मसाल्याचा मागमूस नाही, तर शंका घ्यावी.

३) कडा. मधले भोक आणि तारखेची खिडकी पाहावी. तेथे रंगाचा थर साचलेला दिसतो.

४) वयाचा मेळ. डबी झिजलेली, काटे काळवंडलेले आणि डायल मात्र नवरीसारखी, हे जुळत नाही. भडक नारिंगी किंवा जांभळा रंग दिसला, तर कंपनीने तो कधी काढला होता का, हे जुन्या जाहिरातींशी ताडून पाहावे.

५) मशीन. मागचे झाकण उघडून मशीनवरचे नाव डायलशी जुळते का ते पाहावे.

एकाच खुणेवरून निकाल देऊ नये. दोन-तीन खुणा जुळल्या, तरच बोलावे.

डायल रंगवणे हे हुन्नराचे काम आहे आणि त्याची मजुरी हलाल आहे. वडिलांचे घड्याळ पुन्हा उजळावे असे कोणाला वाटत नाही? गुन्हा लपवण्यात आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. लोकांना दिसावे म्हणून ओला माल वर ठेवायला हवा होता, असे त्यांनी व्यापाऱ्याला बजावले. रंगवलेली डायल ही तीच रास आहे. ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क शरीअतने गिऱ्हाइकाला दिला आहे.

म्हणून व्यापारी बंधूंना आमची विनंती आहे की, पावतीवर ‘डायल रंगवलेली’ एवढे दोन शब्द लिहावेत. भाव थोडा उतरेल. पण डाग पडलेली अस्सल डायल शौकीन जास्त पैसे देऊन घेतात, हेही ध्यानात ठेवावे. ती उगाच रंगवायला देऊ नये.

भाईंनी त्या तरुणाकडून तपासणीचे पैसे घेतले नाहीत. “पुढे विकशील तेव्हा खरे सांग,” एवढेच म्हणाले.